दोघांचं कार्ड

रविवार, ४ फेब्रुवारी

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, रोज काहीतरी लिहीत जा, नाहीतर बोलायचंच विसराल." कारखान्यातली तपासणीची एक कोरी वही कपाटात पडून होती, तीच घेतली. पानांवर रकाने आहेत, बाटलीचा प्रकार, दोष, शेरा. मी रकाने न बघता आडवा लिहीत सुटलोय. एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात दिव्यासमोर बसून काचेतले बुडबुडे आणि केसाएवढ्या चिरा शोधल्या. माझ्या हातून सदोष बाटली सुटली असं कधी झालं नाही. असो.

आज हॉटेलात जेवायला गेलो. गेल्या वर्षी आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली तेव्हा लेकीने आम्हा दोघांसाठी कार्ड घेऊन दिलं होतं. दर रविवारी दुपारी बुफे, देशोदेशीचे पदार्थ, हवं तेवढं खा. ही म्हणाली, "पोट जरा बरं होऊ दे, मग जाऊ." पोट काही बरं झालं नाही. सप्टेंबरात ही गेली. कार्ड फ्रिजच्या दाराला चिकटून राहिलं. लेकीचं टुमणं सुरू झालं की मुदत जूनपर्यंत आहे, पाव आणि चहावर किती दिवस काढणार.

दारावरच्या मुलीने कार्ड बघितलं. "दोघांचं आहे सर. मॅडम मागून येतायत का?"

मी हो म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

तिने मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. समोरच्या खुर्चीपुढेही सुरी, काटा, घडी घातलेला रुमाल. मी वाट बघत बसलो. कोणी काही आणेना. अर्ध्या तासाने एक वेटर वाकून म्हणाला, "सर, इथे आपलं आपणच घ्यायचं असतं." आजूबाजूची माणसं ऐकत होती. 

ताट घेऊन उठलो. समोर लांबलचक रांग, चकचकीत झाकणांची भांडी, खाली निळ्या ज्योती. एक झाकण उघडलं तर वाफ चष्म्यावर. कशाबरोबर काय खायचं ते कळेना. ताटात नूडल्स, त्यावर मासा, बाजूला पुडिंग, सगळं एकमेकांत गेलं. तसंच खाल्लं. आजवर ताट माझ्यापुढे आलं, मी ताटापुढे कधी गेलो नव्हतो.

निघताना दारावरच्या मुलीने काही विचारलं नाही. तेवढं बरं केलं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

भोंग्याचा फोन! पाच महिन्यांत पहिला.

भोंगा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज असा की फलाटावर झोपलेला माणूस उठून चुकीच्या गाडीत चढेल. म्हणून घरात सगळे त्याला भोंगाच म्हणतात. मागच्या वर्षी निवृत्त झाला.

हिच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्याच्या बोळात तो माझ्यावर ओरडला होता. "रोज तुमच्यासमोर बसून जेवत होती ती!" त्या आवाजात. नर्सा, रुग्ण, सगळे वळून बघत होते. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

आज म्हणतो, "भाऊजी, रविवारी बुफेला जाता म्हणे. कार्ड दोघांचं आहे ना? मी येऊ का?"

ही बातमी लेकीनेच पोचवली असणार. मी तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. पण रिकाम्या खुर्चीपुढचा तो घडीचा रुमाल आठवला. म्हणालो, "ये. एक वाजता. उशीर करू नकोस."

आवाज बसलेला वाटला. मी तसं म्हणालो तर म्हणाला, "आता कोणाला गाडी सांगायची आहे!"

रविवार, ११ फेब्रुवारी

भोंगा माझ्याआधी हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मफलर. आत गारवा असतो खरा, पण बाहेर ऊन मी म्हणत होतं.

दारावरच्या मुलीला मी सांगितलं, "हे माझे मेव्हणे." ती हसून म्हणाली, "या सर." एवढंच. मी उगाच आठवडाभर वाक्य जुळवत होतो.

भोंग्याला बुफेचं ज्ञान आहे. बसवाल्यांच्या निरोपसमारंभांना जायचा म्हणे. मला रांगेने फिरवून दाखवलं. "आधी एक चक्कर नुसतीच मारायची भाऊजी. ताट हातात न घेता. शत्रूची फौज किती आहे ते बघायचं." मग गार एका ताटात, गरम दुसऱ्यात, गोडाला तिसरं. लाजायचं नाही, ताटं त्यांची आहेत. मी विचारलं, पास्त्यात काय घालू? तो म्हणाला, "जे तुम्हाला आवडतं ते." मला काय आवडतं ते पटकन सांगता आलं नाही. हीच ठरवायची.

मी पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी. भोंग्याने मात्र सूप घेतलं, वाटीभर. बाकीचे पदार्थ चमचा चमचा ताटात घेऊन त्यांचे काट्याने बारीक बारीक तुकडे करत बसला. साहेबी थाट. हिच्या माहेरचे सगळे असेच, खाण्यापेक्षा दाखवणं जास्त.

हिचा विषय दोघांनीही काढला नाही. 

रविवार, १८ फेब्रुवारी

गेलो. जेवलो. मासा चांगला होता. भोंगा सूप.

रविवार, ३ मार्च

पास्त्याच्या काउंटरवर उंच पांढऱ्या टोपीचा एक स्वयंपाकी असतो. समोर उभं राहून सांगितलं की तो ताजं करून देतो. त्याला मी टोपीवाला म्हणतो. आज बघतो तर टोपीवाला भोंग्यासाठी आतून वेगळं सूप घेऊन आला. गाळलेलं, एकही तुकडा नाही, कोमट. मला कोणी कधी काही गाळून दिलं नाही. भोंग्याला विचारलं, "काय रे, ओळख आहे का?" तो म्हणाला, "चेहराच असा आहे भाऊजी, लोकांना लाड करावेसे वाटतात."

ते सूपही त्याला संपवता संपवता पाऊण तास लागला. एक घोट, मग मान जरा डावीकडे वळवायची, डोळे मिटायचे, मग पुढचा घोट. मी तोपर्यंत तीन ताटं उरकली. हळू खाल्लेलं अंगी लागतं म्हणतात. याच्या तर लागताना दिसत नाही. शर्टाची कॉलर दोन बोटं सैल झाली आहे. चालायला जातो म्हणाला रोज सकाळी. मीही जायला हवं.

गुरुवार, १४ मार्च

आज उगाच कपाट आवरायला घेतलं आणि हिची औषधांची पिशवी सापडली. अर्धी पाकिटं उघडलेली सुद्धा नाहीत. दिवसभर हात कशाला लागला नाही.

लिहायचंच तर खरं लिहावं. ही जेवताना म्हणायची, "छातीखाली काहीतरी अडकल्यासारखं होतं हो." मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, "गॅस असेल. जरा चाल." किती वेळा? मला वाटत होतं दोनतीनदा. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? ही म्हणाली, "सहा महिने झाले."  सहा महिने हा आकडा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

भोंगा ओरडला ते खोटं नव्हतं. पण खरं असलं म्हणून का चारचौघांत ओरडायचं? मला काय दिव्य दृष्टी होती? काच उजेडासमोर धरली की दिसते. माणसाचं तसं नसतं.

रविवार, १७ मार्च

आजचा दिवस बरा गेला. गोडाच्या टेबलापाशी गर्दी होती. भोंग्याने हाताचा भोंगा केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चॉकलेट केककडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया रांगेत उभं राहावं. आइस्क्रीमची गाडी वीस मिनिटं उशिराने येत आहे." दोन बायका खो खो हसल्या. मलाही हसू फुटलं. पुढची घोषणा करायला त्याने तोंड उघडलं तर नुसती हवा आली. तो पाणी प्यायला गेला.

टेबलावर आल्यावर पहिल्यांदा हिचा विषय निघाला. म्हणाला, "लहानपणी ताई स्वतःच्या ताटातलं अर्धं माझ्या ताटात टाकायची. आईला वाटायचं माझी भूक मोठी." मी म्हणालो, मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्या घरीही ती शेवटीच जेवायची ना? सगळं आवरल्यावर?" मी हो म्हणालो. माझं उरकून मी तिच्यासमोर पेपर वाचत बसलेला असायचो.

त्याने टोमणा मारला नाही. नुसतं विचारलं. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात घुमत होतं.

रविवार, ३१ मार्च

बिनसलं.

भोंगा आज मुद्दाम भात घेऊन बसला. दोन घास खाल्ले आणि त्याला असा ठसका लागला की डोळे बाहेर यायची वेळ. रुमाल तोंडावर दाबून तो धावत बाहेर गेला. आजूबाजूचे लोक खुर्च्या मागे सरकवून बघायला लागले. एका बाईने आपल्या मुलाला कडेवर घेतलं. वेटर येऊन मला विचारतो, "डॉक्टरांना बोलावू का?" मी म्हणालो, "काही नाही, घाई घाईने खातो."

परत आला तो पांढराफटक. ताटात डोंगराएवढं तसंच. माझा तोल सुटला. म्हणालो, "खायचं नसतं तर वाढून कशाला घेतोस? दर रविवारी तेच. तुकडे करायचे, चिवडायचं आणि टाकून द्यायचं. लोक बघतात. तुला खायचं नसेल तर येत जाऊ नकोस."

त्याने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. घडी घालताना त्यावर लाल डाग दिसला, टोमॅटोचा सॉस असावा. मग म्हणाला, "तुम्ही जेवा भाऊजी. मी बसतो." आणि माझं जेवण संपेपर्यंत बसला. मी मुद्दाम हळू जेवलो.

निघताना दारापाशी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला वजनच नव्हतं. मला तेही आवडलं नाही.

रविवार, ७ एप्रिल

आला नाही. फोनही नाही. मी म्हणालो म्हणून लगेच रुसायचं? साठीचा माणूस! अडलंय माझं खेटर. एकटा जेवलो. जेवलो म्हणजे बसलो.

रविवार, १४ एप्रिल

आजही नाही.

पास्ता घ्यायला गेलो. टोपीवाल्याने कढईतून मान वर करून विचारलं, "साहेब कसे आहेत आता? घोट उतरतोय का?"

मी म्हणालो, "कोण साहेब? कसला घोट?"

त्याने गॅस बारीक केला.  म्हणाला, "तुमच्याबरोबर यायचे ते. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. पहिल्याच रविवारी मला कळलं, घोट घेताना मान अशी वळवायचे ना. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, भाऊजींना सांगू नका, त्यांचं जेवण बिघडेल." मग घाईघाईने, "मला वाटलं तुम्हाला एव्हाना माहीत असेल सर."

पहिल्याच रविवारी. मी ताट तिथेच काउंटरवर ठेवून बाहेर आलो.

सोमवार, १५ एप्रिल

सकाळी त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. दवाखान्यात न्यायच्या कपड्यांची पिशवी तिच्या हातात होती. मला बघून ती बाजूला झाली, या म्हणाली नाही.

मी विचारलं, "वहिनी, कधीपासून?"

"डिसेंबरात कळलं. घशाचा कॅन्सर. तेव्हाच पसरलेला होता." ती कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. "घरात पाणी गिळायला रडायचे हो. शनिवारी रात्रीपासून मात्र शर्टाला इस्त्री. मी म्हणायचे, तिथे जाऊन काय करणार, खाता तर काही येत नाही. म्हणायचे, मी खायला जातच नाही."

"मग कशाला?"

"ताईंनी शेवटी त्यांना जवळ बोलावून सांगितलं होतं. मी गेल्यावर हा माणूस एकटा जेवणार नाही, उपाशी मरेल. तू जाऊन बस समोर." तिने पिशवीची चेन ओढली. "तुमच्यावर ओरडले त्याचीही त्यांना फार खंत होती. पण ते मी का सांगू, त्यांनी सांगायला हवं होतं."

मी उभाच होतो. खुर्ची समोर होती. बसावं हे सुचलं नाही.

बुधवार, १७ एप्रिल

भोंग्याचा आवाज गेला. पूर्ण. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे, नाकातून दुसरी. उशाशी एक छोटी वही आणि दोरीला बांधलेलं पेन. मफलर काढलेला. मान एवढीशी झाली आहे आणि एका बाजूला गाठ, लिंबाएवढी. ती माझ्यापासून आठ रविवार दोन हातांवर होती.

मी विचारलं, "का नाही सांगितलंस मला?"

त्याने पेन उचललं. मग लिहिलं, "तुम्ही विचारलं नाहीत."

मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने खाली आणखी एक ओळ लिहिली. "मलाही तेच हवं होतं. बाकी सगळे सारखं विचारतात."

दुसरी ओळ त्याने माझ्यासाठी लिहिली. पहिली खरी आहे.

मंगळवार, २३ एप्रिल

रोज दुपारी जातो. वहिनी त्या वेळात घरी जाऊन अंघोळ करून येतात. नळीतून पांढरं पातळ अन्न सोडायचं असतं, नर्सने मला शिकवलं. पिचकारी उंच धरायची, सावकाश. पहिल्या दिवशी मी थोडं सांडलं. भोंग्याने लिहिलं, "गार एका ताटात, गरम दुसऱ्यात." हसला. हसला की नळीतून शिट्टीसारखा आवाज येतो.

डॉक्टर म्हणाले, आठवडे. महिने म्हणाले नाहीत. मी आता सगळं विचारतो. दुखतं का, कुठे, किती, काल इतकं की जास्त. डॉक्टर आले की माझीच यादी तयार. वहिनी माझ्याकडे नुसत्या बघतात. त्यांच्या मनात काय येत असेल ते मला कळतं. आता विचारून काय उपयोग, हेच.

मंगळवार, ३० एप्रिल

आज तो बराच वेळ डोळे मिटून होता. मग वही ओढली. "आज काय खाल्लंत?"

सकाळपासून पोटात एक कप चहा होता. पण मी म्हणालो, "हॉटेलात गेलो होतो. आज काय सांगू तुला, काय थाट होता!"

त्याने डोळे उघडले.

मी सुरुवात केली. आधी एक चक्कर नुसतीच मारली, म्हणालो, ताट न घेता. सूप दोन प्रकारची. एक मक्याचं, घट्ट, वर मिरपूड. दुसरं टोमॅटोचं, त्यात तळलेल्या पावाचे तुकडे, चमचा घातला की कुरकुर वाजणारे. मग पाव. सहा प्रकारचे. एक इतका गरम की तोडला तर आतून वाफ आली, त्यावर लोणी ठेवलं आणि ते बघता बघता आत गेलं. भाजलेली कोंबडी, कातडी लाल, सुरी लावली की रस. मासा लिंबाच्या चकत्यांवर निजवलेला. मला इतकं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. जे कधी तिथे नव्हतं तेही मी मांडलं. टोपीवाल्याने तुझ्यासाठी विचारलं, म्हणालो, मशरूमचा पास्ता करून दिला, त्यात चीज असं की चमच्यापासून ताटापर्यंत तार.

भोंग्याचा जबडा हलत होता. अगदी हळू. घास आला की माणूस चावतो तसा.

मग त्याने हात वर केला. पेन घेतलं. अक्षरं आता वाकडीतिकडी येतात, लावून वाचावी लागतात.

"आज मंगळवार. बुफे रविवारी."

मी गप्प झालो. चोरी पकडल्यासारखं झालं. त्याने पान उलटलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं.

"थांबू नका."

मी सांगत राहिलो. नूडल्स, भाज्या, तीन तऱ्हेचा भात. दाराशी वहिनी येऊन उभ्या होत्या, ओले केस, हातात डबा. त्या आत आल्या नाहीत. गोडाच्या टेबलापर्यंत मी पोचलो नव्हतो, तेवढ्यात त्याला झोप लागली. मी तरी थोडा वेळ बोलत होतो.

शुक्रवार, ३ मे

सकाळी सव्वानऊला भोंगा गेला. वहिनी आणि मी दोघंही जवळ होतो. त्रास झाला नाही असं सगळ्यांना सांगायचं ठरलंय. झाला.

रविवार, ५ मे

दुपारी एक वाजता घरात बसून होतो. फोन वाजला. वहिनी.

"भाऊजी, जेवलात का?"

त्यांचा स्वर नेहमीचा. यादीतलं एक काम उरकावं तसा. त्याने सांगून ठेवलं असणार, रविवारी एकला फोन कर. मी सवयीने म्हणालो, "हो, झालं." त्या म्हणाल्या, "बरं. ठेवते मग."

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही?"

 फोन कट झाला असं वाटलं. मग नळ ठिबकत असल्याचं ऐकू आलं, त्यांच्या स्वयंपाकघरातला. मी थांबलो. त्या फोन ठेवेनात. ठिबक, ठिबक.

"परवापासून काही पोटात गेलंय का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

मी पायात चपला सरकवल्या आणि त्यांच्या घराकडे निघालो. हे परत आल्यावर लिहितोय.